देवीला बडीशेप कशाला?

आमच्या मुरुमच्या घरात दिवस उजाडायचा तो दोड्डव्वाच्या आवाजानं. कोंबडा, जातं, विहिरीवरचा रहाट हे सगळे तिच्यामागून. दोड्डव्वा म्हणजे माझी थोरली चुलती. कानडीत थोरल्या आईला असं म्हणतात, आणि आमच्या घरात कानडी न् मराठी एकाच ताटात कालवलेल्या असत. देवाशी आणि बैलांशी कानडी बोलायची, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि कचेरीतून कागद आला की दोन्ही भाषा गप्प, कारण राज्य निजामाचं, कागद उर्दूत. घराच्या पुढच्या अंगाला वडिलांचं गळिताच्या धान्याचं दुकान होतं. करडई, जवस, तीळ, कारळं यांची पोती छपरापर्यंत लागलेली, त्यामुळं आमच्या अंथरुणापांघरुणालाही तेलकट वास यायचा. माझी आई मऊ. चुलीपुढं बसून कागदासारख्या पातळ कडक भाकरी थापायची, शेंगांची चटणी कुटायची, आणि कुणी काही विचारलं तर "थोरलीला विचारा" म्हणायची. काका दुकानाच्या कामानं कायम फिरतीवर. तेव्हा घराचं राज्य दोड्डव्वाचं, आणि त्या राज्याची राजधानी म्हणजे मागचं परस.

परसात न्हाणीचं पाणी जायचं. त्या ओलीवर दोड्डव्वानं काशीफळाचा, म्हणजे तांबड्या भोपळ्याचा वेल चढवला होता. मुरुमात तिच्या काशीफळाचं नाव होतं. एकेक फळ असं की उचलायला दोघी लागाव्यात. गुळात शिजवलेल्या त्या फोडी, वर खसखस आणि तूप. अजून ती चव आठवली की मी सुनेनं केलेला भोपळा मुकाट्यानं खाते आणि काही बोलत नाही. बोलून उपयोग नसतो, हे मात्र मी दोड्डव्वाकडनं शिकले नाही.

तर त्या परसात आधी फुलंही होती. झेंडू, सब्जा, कोपऱ्यात गुलबक्षी. पलीकडं चिंचेच्या फांदीला मधमाशांचं मोहोळ. एका उन्हाळ्यात दोड्डव्वा चिंचा झोडायला गेली आणि तिच्या वरच्या ओठाला माशी चावली. ओठ असा सुजला की तीन दिवस तिला बोलता येईना. वडील त्या तीन दिवसांबद्दल पुढं कितीतरी वर्षं फार हळव्या आवाजात बोलत. चौथ्या दिवशी ओठ उतरला आणि पहिला हुकूम सुटला, मोहोळ जाळा. पेटतं गोणपाट काठीला बांधून गड्यानं मोहोळ जाळलं. दुसरा हुकूम, परसातली फुलं उपटा. "फुलं हायेत म्हनून माशा येतेत. फुलं काय खायला येतेत का? नुसतं पाणी पितेत." झालं. पूजेपुरती फुलं माळ्याकडनं येऊ लागली आणि परसात उरला एकटा काशीफळाचा वेल.

त्या पावसाळ्यात वेलाला फुलं आली, बोराएवढी फळं धरली, आणि पिवळी पडून गळाली. पुन्हा धरली, पुन्हा गळाली. दोड्डव्वानं राख टाकली, ताक ओतलं, वेलाला फाटकी चप्पल टांगली. मग तिला आठवलं की फळं गळायच्या आठवडाभर आधी शेजारची गुरुबाई ताक मागायला आली होती आणि वेलाकडं बघून म्हणाली होती, "यंदा लई कळ्या लागल्यात की गं."

गुरुबाईच्या उजव्या डोळ्यात लहानपणी देवी आल्या तेव्हापासून फूल पडलेलं होतं. आमच्या परसातली सगळी फुलं उपटून झाली होती, तेवढं एक राहिलं होतं, आणि दोड्डव्वानं ते बरोबर हेरलं. "तिची नजर वंगाळ हाय," ती विहिरीवर म्हणाली. विहिरीवर बोललेलं दुपारच्या भाकरीआधी सगळ्या गल्लीत व्हायचं. आठ दिवसांत लोकांना आठवायला लागलं, कुणाची म्हैस गुरुबाईनं बघितल्यावर आटली होती, कुणाचं पोर तिनं हसवल्यावर तापलं होतं. गुरुबाई विधवा, एकटी. शेवया करायला तिच्यासारखा हात नव्हता, म्हणून प्रत्येक लग्नाआधी तिला बोलावणं यायचं. ती बोलावणी थांबली. माझ्या धाकट्या भावाच्या पाळण्याला सगळी गल्ली आली आणि आईचं बाळंतपण जिनं केलं त्या गुरुबाईला बोलावलं नाही. बायका पाळणा म्हणत होत्या तेव्हा मी घुगऱ्यांची वाटी घेऊन बाहेर आले. गुरुबाई आपल्या उंबऱ्यावर बसली होती, आणि आतल्या बायकांच्या बरोबर ओठांतल्या ओठांत तेच गाणं म्हणत होती. मला बघितल्यावर तिनं पटकन चांगला डोळासुद्धा मिटून घेतला. "जा गं नागे, घुगऱ्या घेऊन हितं थांबू नगं, तुझी दोड्डव्वा रागं भरंल," ती म्हणाली. मला दहा-अकरा वर्षांचीला काय कळत होतं कोण जाणे, पण वाटी मी तशीच आत नेऊन ठेवली.

आमच्याकडं उर्दू कागद वाचायला मुन्शीजी येत. उर्दू मदरशातले मास्तर, पांढरी दाढी, अंगात जुनी शेरवानी. मदरशाच्या अंगणात त्यांनी स्वतः बाग केली होती आणि मुलांपेक्षा तिच्यावर त्यांचा जीव जास्त, असं मुलंच सांगत. ओसरीवर ते चहाची वाट बघत बसले असताना मी त्यांना विचारलं, "मुन्शीजी, नजर लागली की फळ गळतं का हो?"

त्यांनी मला परसात नेलं. वेलाची दोन फुलं दाखवली. एकाच्या खाली नुसता लांब देठ, दुसऱ्याच्या देठाशी इवलंसं काशीफळ. "देख बेटा. ये नौशा, ये दुल्हन. अब नौशा अपने पाँव से चल को आता क्या? नै आता. मक्खी उसको लेको आती. तुमारे घर में मक्खी कू जला दिए. दुल्हन बिचारी बैठी सो बैठीच है. सूख को गिर जाती." मग त्यांनी नवऱ्या फुलाच्या पाकळ्या सोलल्या आणि आतली पिवळी पूड नवरीच्या मधोमध हळूच टेकवली. "हो गया निकाह," म्हणाले, आणि चहा आला म्हणून निघून गेले.

ते फळ धरलं. आठ दिवसांत लिंबाएवढं झालं, गळालं नाही. मी वेड्यासारखी आनंदानं सांगायला धावणार होते, पण न्हाणीपाशी येऊन थांबले. दहा वर्षांच्या पोरीनं दोड्डव्वाला जाऊन सांगायचं, की तुमचं चुकलं, गुरुबाईचा दोष नाही, नवरा-नवरीचं लग्न लावायला माशी लागते आणि माशा तुम्ही जाळल्या? उलथनं कुठं असतं ते मला माहीत होतं. म्हणून मी आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं बोलले. आणि आज इतक्या वर्षांनी सांगते, फार छान बोलले.

सकाळी उठून मी चुलीपुढं गप्प बसून राहिले. आईनं दोनदा विचारल्यावर म्हणाले, "सपनात एक बाई आली हुती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. म्हनली, नागे, सूर्य उगवताना तू वेलाला तांबडा दोरा बांध. दोरा बांधलेलं फळ गळणार न्हाय. पण कुनी बघायचं न्हाय." दोड्डव्वाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिनं मला जवळ घेऊन कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग तिनं स्वतःच्या पातळाचा तांबडा काठ फाडून मला दिला.

रोज पहाट फुटली की मी परसात. काशीफळाची फुलं सकाळीच उघडतात, ऊन चढलं की मिटतात, म्हणून "सूर्य उगवताना" ही अट देवीनं अगदी विचार करून घातली होती. नवऱ्या फुलाची पूड नवरीला लावायची, देठाला दोरा बांधायचा, आणि पुरावा राहू नये म्हणून उरलेलं नवरं फूल खाऊन टाकायचं. त्या महिन्यात मी इतकी फुलं कच्ची खाल्ली की पुढं आईनं त्यांची भजी केली तरी मी तोंड लावत नसे. दोऱ्याची सगळी फळं टिकली. दोड्डव्वानं विहिरीवर ते सांगितलं, आणि माझे हाल सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी पाटलाची सून आली, "आमच्या वेलालाबी बांध की गं, माय." मग तेलीण, मग सोनारीण. कुणाचं काशीफळ, कुणाची काकडी. बायका मला "नागव्वा" म्हणायला लागल्या, एकीनं तर पायाला हात लावला. लोणी-भाकरी, गूळ-शेंगा, हरभऱ्याची उसळ, खारका. सकाळच्या फेरीत मी पाच घरी खायची. परकराची नाडी सैल करावी लागली. पण पहाटे उठून सहा परसं पालथी घालायची, तीही ऊन चढायच्या आत आणि कुणी बघत नसताना, हे काही सोपं नव्हतं. एके दिवशी सोनारणीच्या परसात भिंतीवरून उतरताना शेणाच्या ढिगात पडले. देवीनं मला तशीच घरी पाठवली असं सांगितलं. त्याचाही लोकांनी काहीतरी अर्थ लावला.

मुन्शीजींच्या कानावर गेलं. ओसरीवर मला समोर बसवून त्यांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. "सुना है तुम पीर हो गए?" मी मान खाली घातली. "इत्ते घराँ, इत्ते वेलाँ, अकेले कित्ते दिन फिरते बेटा? मक्ख्याँ का काम मक्ख्याँ कू दे दो. फूलाँ लगाओ, वो खुद आते." मी म्हणाले, दोड्डव्वा फुलं लावू देत नाही. ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "वो मेरे कू नक्को बोलो. जिस बाई कू तुम सपने में बुलाए, उसी कू बोलो."

म्हणून हिरव्या लुगड्याची बाई परत आली. या खेपेला ती जरा जास्त बोलली. मी दोड्डव्वासमोर डोळे मिटून सांगत गेले, "म्हनली, वेलाभवती फुलं लावा. आत्ता झेंडू, सब्जा, तीळ, कारळं लावा. थंडी पडली की जवस आणि बडीशेप. मेथी-कोथिंबिरीची चार रोपं खुडू नका, फुलावर जाऊ द्या."

"लई बारकाईनं सांगती गं तुझी बाई," दोड्डव्वा म्हणाली. मग डोळे बारीक करून, "देवीला बडीशेप कशाला?"

"जेवल्यावर," मी म्हणाले.

आई पदर तोंडात कोंबून चुलीकडं वळली. दोड्डव्वा माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, संपलं. पण देवीचं जेवण हा विषय तिला पटला असावा. "मग चुना-कातबी ठिवू का?" तिनं विचारलं. मी म्हणाले, तसं काही बोलली नाही.

दुकानात बी-बियाणाला काय तोटा? कारळं, तीळ मी ओच्यातनं पळवलं. झेंडूचं आणि सब्जाचं बी मुन्शीजींनी कागदाच्या पुडीत बांधून दिलं, पुडीवर उर्दूत नावं लिहून. मला वाचता येईना, म्हणून वाट्टेल तिथं पेरलं. न्हाणीचं पाणी वळवायला बोटभर पाट काढला. भांडी घासताना मी मुद्दाम दोन तांबे जास्तीचे ओतायची. पंधरवड्यात सगळं परस गोंधळात उगवलं, वेलात कारळं, कारळ्यात झेंडू. मग एका सकाळी कारळ्याला पिवळी चांदणीसारखी फुलं आली. तिसऱ्या दिवशी एक माशी आली. एकच. फुलावरून फुलावर जाऊन निघून गेली. मी तिच्यामागं भिंतीपर्यंत धावले, जणू माहेरपणाला आलेली मुलगी न जेवता चाललीय. दुसऱ्या दिवशी त्या दहा होत्या. सब्जाला तुरे आल्यावर तर परसात दिवसभर बारीक गुंजन, काळे भुंगे, पिवळी फुलपाखरं. दोड्डव्वा डोक्यावरून पदर घेऊन, ओठ दातांत दाबून परसात जायची. पण देवीची फुलं. उपटायची कशी?

मी पहाटे उठायचं सोडून दिलं. आणि तिथंच फसले. दोरा न बांधलेली फळं धरायला लागली. आमच्या वेलालाही, भिंतीपलीकडं तेलिणीच्या वेलालाही. बायका विचारायला लागल्या, नागव्वा, हे कसं काय? तेव्हा मला वाटलं, हीच वेळ. बाई तिसऱ्यांदा स्वप्नात आली. म्हणाली, गुरुबाईची नजर सोन्याची आहे, तिनंच माझं काम केलं, तिची ओटी भरा.

बायका खण-नारळ घेऊन गुरुबाईच्या दारात गेल्या. दोड्डव्वा सगळ्यांच्या मागं. मी पुढं, छाती काढून. गुरुबाई शेवयांच्या पाटावर बसली होती. विधवेची ओटी कशी भरायची म्हणून पाटलाची सून जरा अडखळली, मग "देवीनं सांगितलंय" म्हणून पुढं झाली. गुरुबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग ती उठली, खण-नारळ होते तसे परत पाटलाच्या सुनेच्या हातात ठेवले.

"काल माजी नजर वंगाळ हुती," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "आज सोन्याची झाली. उद्या कुनाची म्हस आटली की परत वंगाळ हुईल. मला चेटकीण न्हाय व्हायचं आन् देवी बी न्हाय व्हायचं. म्या शेजारीण हाय." मग ती माझ्याकडं वळली. "नागे, म्या भिंतीच्या हिकडनं रोज बघत हुते. फुलं खाताना बी बघितलंय. आता सांगतीस का म्या सांगू?"

माझी वेणी तिच्या हातात होती. तशीच तिनं मला आमच्या परसात आणली, मागं सगळ्या बायका. मी रडत रडत सांगितलं. मोहोळ, माशी, मुन्शीजी, दोरा, सगळं. कुणाचा विश्वास बसेना, म्हणून एक फूल तोडून दाखवावं लागलं. "ह्यो नवरा. ही नवरी. ह्याची पूड तिला..." आणि पुढं काय म्हणायचं ते मला कळेना. तेलिणीला हसू फुटलं. मग सोनारणीला. पाटलाच्या सुनेनं तोंडावर पदर घेतला. "आन् भटजी कोन?" कुणीतरी विचारलं. "माशी," मी म्हणाले, आणि सगळं परस खिदळायला लागलं. एकटी दोड्डव्वा हसली नाही.

ती चिंचेकडं बघत होती. फांदीवर काळा डाग अजून होता. "म्हंजी म्याच," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "म्याच की." दोड्डव्वाच्या तोंडून असा शब्द त्या गल्लीनं कधी ऐकला नव्हता, मीही नंतर ऐकला नाही. ती माफी मागेल असं मला वाटलं होतं, पण तिला ते येत नव्हतं. शिकवलंच नव्हतं कुणी. तिनं पुढं होऊन गुरुबाईच्या हातातली माझी वेणी सोडवली, गुरुबाईचा हात धरला आणि तिला वेलापाशी नेलं. वेलाची फाटकी चप्पल ओढून भिंतीपलीकडं फेकली. मोठमोठी पानं दोन्ही हातांनी बाजूला सारली. आत काशीफळं बसली होती, तुकतुकीत.

"बघ गुरुबाई," ती म्हणाली. "डोळं भरून बघ. पाहिजे तितकं बघ."

गुरुबाई बघत राहिली. इतका वेळ, की उभ्या बायका पाय बदलू लागल्या. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी यायला लागलं, फूल पडलेल्या डोळ्यातूनसुद्धा. मग तिनं नाक ओढलं, वाकली, मधल्या सगळ्यांत मोठ्या फळावर टिचकी मारली आणि म्हणाली, "हे किडलंय."

गुरुबाईनं आमच्या काशीफळाला, दोड्डव्वाच्या तोंडावर, सगळ्या गल्लीदेखत किडकं म्हटलं होतं. दोड्डव्वानं विळी मागवली. मीच ती आणली. फळ चिरलं, तर आत खरंच अळ्या. दोड्डव्वानं त्या अळ्यांकडं बघितलं, गुरुबाईकडं बघितलं, आणि मग ती हसली. पोट धरून, ओठ दुमडून, जमिनीवर बसकण मारून हसली. गुरुबाईही शेजारी बसली. लग्नसराईच्या शेवयांचं काय, असं दोड्डव्वानं तिला हसता हसताच विचारलं, आणि ती म्हणाली, आधी घुगऱ्या दे, पोराच्या पाळण्याच्या, माझ्या वाटच्या राहिल्यात.

आईनं त्याच दुपारी हरभरे भिजत घातले. मला त्या दिवशी उलथन्याचे दोन बसले, एक खोट्याबद्दल, एक बडीशेपेबद्दल.